लाइन ऑटोमेट कधी करायची? आधी हात काय सांभाळून घेतात ते मोजा

प्रश्न थोडक्यात असा. सहा स्टेशनांची, हाताने चालणारी असेंब्ली लाइन आहे. दोन शिफ्ट, प्रत्येक स्टेशनला एक ऑपरेटर. आज शिफ्टला 1,200 नग निघतात आणि पुढच्या वर्षापासून गिऱ्हाईक 1,600 मागतंय. यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीने दोन नंबरच्या स्क्रूच्या स्टेशनवर आणि सहा नंबरच्या पॅकिंगवर रोबोट बसवायचा प्रस्ताव दिलाय आणि 15 महिन्यांत पैसे वसूल होतील असं कागदावर दाखवलंय. घ्यावा, की थांबावं?

या प्रस्तावाला माझं उत्तर नाही असं आहे. ऑटोमेशनलाच नाही म्हणत नाहीये, पण कारण नीट सांगायला जरा लांबून यावं लागेल.

आधी घड्याळ. तुम्ही दिलेल्या सायकल टाइमचे, म्हणजे प्रत्येक स्टेशनला एका नगामागे लागणाऱ्या वेळेचे, आकडे 12, 14, 11, 19, 13 आणि 15 सेकंद असे आहेत. 480 मिनिटांच्या शिफ्टमधून सुट्ट्या, साफसफाई, सुरुवातीची बोलणी अशी 50 मिनिटं वजा केली की 430 उरतात, म्हणजे 25,800 सेकंद. त्यात 1,600 नग काढायचे तर दर 16.1 सेकंदाला एक नग बाहेर पडला पाहिजे. हा तुमचा टॅक्ट टाइम. सहापैकी पाच स्टेशनं आजच त्याच्या आत आहेत. अडलंय ते एकटं चार नंबर. आणि रोबोट बसणार कुठे? दोनवर आणि सहावर.

रोबोटने दोन नंबरचं काम 14 वरून 8 सेकंदांवर आणलं, तरी लाइनच्या शेवटी नग 19 सेकंदांनीच पडणार. चार नंबरच्या पुढ्यातला ढीग तेवढा उंच होईल. यात विक्रेत्याची लबाडी आहे असं मला वाटत नाही. वरून सरळ खाली जाणारा स्क्रू आणि चौकोनी खोका ही रोबोटसाठी सोपी कामं आहेत, त्याने ती उचलली. लाइन कुठे अडते हे बघायचं काम त्याचं नव्हतंच, ते आपलं.

आता सगळ्या स्टेशनांची बेरीज करा. 84 सेकंद. सहा माणसांत वाटली की सरासरी 14. लाइन काही ना काही कारणाने 10 टक्के वेळ थांबते असं धरलं तर टॅक्ट 16.1 न राहता 14.5 वर येतो. म्हणजे कामाची वाटणी नीट केली तर याच माणसांत, याच हत्यारांनी 1,600 जवळपास हाताशी आहेत. ओढाताण होईल, कबूल. वाटणी कधीच सरासरीवर तंतोतंत बसत नाही, एखादं काम मध्ये तोडताच येत नाही. कुठून तरी पाच-सहा सेकंदांचं काम कमी करावं लागेल. पण पाच-सहा सेकंद हा रोबोट घेण्याएवढा मोठा प्रश्न नाही.

ते सेकंद बहुतेक चार नंबरच्या 19 मध्येच लपलेले असतील. तिथे प्रेसवर बुश, म्हणजे भोकात घट्ट बसणारी छोटी नळी, बसवतात असं तुम्ही लिहिलंय. योगायोग असा की माझा सगळ्यात महागडा धडा बुशच्याच स्टेशनवरचा आहे.

ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट, त्यात पितळी बुश प्रेसने दाबायचं. कामाच्या सूचनांचा कागद तीन ओळींचा होता: ब्रॅकेट फिक्स्चरवर (भाग जागेवर धरणाऱ्या साच्यावर) ठेवा, बुश भोकावर ठेवा, दोन्ही बटणं एकदम दाबा. याच्याहून सोपं काम ते काय असणार, म्हणून आम्ही तिथे बाउल फीडर (भाग एकेक करून पुढे सरकवणारी थरथरती वाटी), उचलून ठेवणारा हात आणि मोटरवर चालणारा सर्व्हो प्रेस बसवला. बनवणाऱ्याच्या शेडमध्ये यंत्र झकास चाललं. आमच्याकडे आल्यावर पहिल्या आठवड्यात शिफ्टला चाळीस-चाळीस वेळा थांबायला लागलं. बुश तिरकं जायचं, प्रेसचं बल मर्यादेबाहेर जायचं, लाल दिवा. प्रोग्राम बदलला, ग्रिपर म्हणजे हाताची पकड बदलली, सेन्सर सरकवला. दिवा लाल तो लालच.

शेवटी मी स्टूल घेऊन बाजूच्या जुन्या, हाताने चालणाऱ्या प्रेसपाशी जाऊन बसलो. तिथे एक बाई काम करायच्या. बुश ट्रेमधून उचललं की अंगठा आणि तर्जनीत धरून अर्धा फेरा फिरवायच्या. मग भोकावर ठेवून पाव वळसा द्यायच्या. बुश आपल्या जागी बसल्याचं बोटांना कळलं की मगच हात बटणांकडे. मधूनच एखादं बुश काही न बोलता डावीकडच्या डब्यात जायचं. विचारलं, हे कशाला टाकलंत? म्हणाल्या, "तो वाकडा जातो साहेब." कळतं कसं? त्यांनी बुश माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, कडेवर बोट फिरवा.

कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर होती, आणि चॅम्फर, म्हणजे कडेला दिलेला तिरका उतार, जवळजवळ नव्हताच. पुरवठादाराकडचं हत्यार झिजत आलं की चॅम्फर लहान लहान होत जायचा. ड्रॉइंगवर तो होता, पण येणाऱ्या मालाच्या तपासणीत फक्त बाहेरचा व्यास मोजत होते. बाईंची बोटं मात्र चॅम्फर तपासत होती, बुश वळवून सरळ करत होती आणि वाईट माल वेगळा काढत होती. यातलं एकही काम कागदावर नव्हतं. आमच्या टाइम स्टडीत ते सगळं "बुश ठेवणे" या एका ओळीत गडप झालं होतं.

पुरवठादाराने हत्यार लवकर बदलायला सुरुवात केली, आम्ही फिक्स्चरमध्ये बुशला वाट दाखवणारी पिन घातली, आणि यंत्र चालायला लागलं. पण तोच बदललेला माल आणि तीच पिन जुन्या प्रेसवर गेली, तेव्हा हाताची सायकल 18 सेकंदांवरून 12 वर आली. आम्हाला 13 पुरत होते. म्हणजे यंत्र घ्यायचं कारणच उरलं नव्हतं. हा हिशोब मी वरच्या मजल्यावर सांगायला गेलो तो दिवस काही सुखाचा नव्हता.

तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे. माणूस सांभाळून घेतो. यंत्र सांभाळून घेत नाही. म्हणून ऑटोमेशनची वेळ आली का हे ठरवताना मी आधी बघतो की या स्टेशनवर हात काय काय सांभाळून घेतायत. स्टूल, वही, आणि दोन अख्ख्या शिफ्ट. त्यातली एक रात्रीची घ्याच, शेवटच्या तासासकट, कारण थकलेला हात काय करणं सोडून देतो हे तिथेच दिसतं. सूचनांच्या कागदावर नसलेली हालचाल झाली की एक रेघ. भाग झटकला, रेघ. उजेडात धरून पाहिला, रेघ. ठोकला, वळवला, बाजूला टाकला, शेजारच्याला हाक मारून विचारलं, रेघ. शंभर नगांत साठ-सत्तर रेघा निघाल्या तर ते स्टेशन ऑटोमेशनला तयार नाही, मग पैसे किती का असेनात. एक-एक रेघ मागे जाऊन पुसायची: माल सुधारून, फिक्स्चर सुधारून, डिझाइन बदलून. आणि ऑपरेटरचं काम बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकं एकसारखं झालं की मग रोबोटवाल्याला फोन करायचा.

स्क्रूचं स्टेशन तुम्हाला सोपं वाटत असेल, म्हणून तिथलाही हिशोब करून दाखवतो. समजा एका नगाला चार स्क्रू लागतात. 1,600 नगांना 6,400. स्क्रूच्या लॉटमध्ये हजारात एक वाईट आहे, आटा अर्धवट किंवा डोक्याला फट नाही. हा माल कोणीही चांगलाच म्हणेल. तरी शिफ्टला सहा-सात वाईट स्क्रू येणारच. ऑपरेटर तो उचलतो, फेकतो, दुसरा घेतो, दोन सेकंदांचं काम. संध्याकाळी विचाराल तर त्याला आठवणारही नाही. ऑटोमॅटिक फीडरमध्ये तोच स्क्रू नळीत अडकतो. कोणीतरी येऊन दार उघडणार, नळी काढणार, रीसेट करणार. एका वेळेला दोन मिनिटं म्हटली तरी शिफ्टची तेरा-चौदा मिनिटंच जातात. पण पन्नास नगांमागे एकदा अडकायला लागलं तर 32 वेळा, म्हणजे 64 मिनिटं. 430 मधली 64 गेली की 15 टक्के उत्पादन गेलं.

आणि थांबणं एकमेकांशी गुणलं जातं, हे कोटेशनमध्ये कधीच नसतं. प्रत्येक स्टेशन 97 टक्के वेळ चालू, हा आकडा एकट्याने बघितला तर छान वाटतो. अशी सहा स्टेशनं मध्ये जागा न ठेवता एकमेकांना जोडली की लाइन साधारण 83 टक्के वेळच चालते. दहा जोडली तर 74. हाताच्या लाइनमध्ये हे एवढं जाणवत नाही, कारण शेजाऱ्याचं अडलं की माणूस जरा पुढचं करून ठेवतो, किंवा उठून मदतीला जातो. यंत्रांच्या लाइनमध्ये ही लवचिकता विकत घ्यावी लागते आणि तिचं नाव बफर, म्हणजे दोन स्टेशनांमध्ये थोडे नग साठवायची सोय. त्याला जागा लागते. लेआउटच्या चित्रात सगळ्यात आधी कात्री लागते ती यालाच.

ही चूक फक्त लहान कारखाने करतात असं समजू नका. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला एक मोटारींचा कारखाना आहे. जनरल मोटर्सने तो 1982 मध्ये बंद केला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत नुमी या नावाने तो पुन्हा उघडला, बरेचसे जुनेच कामगार परत घेऊन. भपकेबाज ऑटोमेशन नव्हतं, कामाची पद्धत बदलली होती, आणि दर्जा खूपच सुधारला. त्याच दशकात जनरल मोटर्सने आपल्या इतर कारखान्यांत रोबोटवर अफाट पैसा ओतला. तिथले रोबोट मोटारीऐवजी एकमेकांनाच रंगवायचे, असे किस्से आजही सांगितले जातात. पुढे 2010 मध्ये फ्रीमाँटची तीच इमारत टेस्लाने घेतली. 2018 मध्ये मॉडेल थ्री या मोटारीच्या वेळी तिथे इतकं ऑटोमेशन भरलं होतं की सुटे भाग वाहून नेणारं कन्व्हेयरचं अख्खं जाळं उपटून टाकावं लागलं आणि एक असेंब्ली लाइन बाहेर तंबूत उभी करावी लागली. अति ऑटोमेशन ही आपली चूक होती, माणसाला आपण कमी लेखतो, हे एलॉन मस्कने स्वतः जाहीरपणे कबूल केलं. चौतीस वर्षांच्या अंतराने एकाच छपराखाली दोन्ही धडे मिळाले.

मग ऑटोमेशन करायचंच नाही का? करायचं, पण अख्खं एकदम करायचं नाही. लोकांच्या डोक्यात हाताने किंवा रोबोटने असे दोनच पर्याय असतात. मधल्या पायऱ्याच खऱ्या कामाच्या आहेत. जपानी संशोधक साकिची टोयोदांच्या 1924 च्या कापड विणायच्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. एवढ्याशा गोष्टीमुळे माणसाला मागासमोर डोळे लावून बसायची गरज संपली आणि एक माणूस बरेच माग बघू लागला. पहिली पायरी ही: यंत्राला स्वतःची चूक कळू द्या आणि थांबू द्या. दुसरी, एकदा बटण दाबल्यावर सायकल यंत्राने स्वतः पुरी करावी, माणसाने तिथे उभं राहू नये. तिसरी, झालेला नग यंत्राने स्वतः बाहेर टाकावा. इथपर्यंतचं सगळं स्वस्तात होतं. एक सिलिंडर, एक स्प्रिंग, एक घसरगुंडी. तुमच्या टूलरूममध्येच होईल.

चौथी पायरी म्हणजे नवा भाग यंत्राने स्वतः उचलून जागेवर ठेवणं, आणि खर्च इथे उडी मारतो. कारण बाहेर टाकायला अचूकता लागत नाही, नग पडला म्हणजे झालं. आत ठेवायला भाग कुठे आहे, कुठल्या तोंडाने आहे, जागेवर नीट बसला का, हे सगळं यंत्राला कळावं लागतं. फीडर, कॅमेरा, ग्रिपर, जाळीचं कुंपण, सगळं या एका पायरीचं आहे. तिसऱ्या पायरीवर थांबलेल्या लाइनवर एकच माणूस फक्त भाग लावत लावत चार-पाच यंत्रांवरून फिरतो. जपानी कारखान्यांत याला चाकू-चाकू म्हणतात, म्हणजे 'लाव, लाव'. बऱ्याच लाइनींना कायमचं घर तिसऱ्या पायरीवरच मिळतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

काही ठिकाणी मात्र एवढा विचार करत बसू नका, वसुलीचा कागदही मागू नका. जिथे हात भाजतो, चिरडतो, जिथे वाफारे नाकात जातात. कारखान्यातला पहिला रोबोट, युनिमेट, 1961 मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला तो डाय कास्टिंगमधून तापलेले भाग काढायलाच. वजनाचंही तेच. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र अगदी आदर्श परिस्थितीत 23 किलोंपासून सुरू होतं, आणि वाकणं, वळणं, वारंवार उचलणं आलं की तिथून खाली उतरतं. तसं काम असेल तर निदान उचलायला मदत करणारा हात तरी आजच बसवा. दुसरं म्हणजे जे हाताला जमतच नाही ते: मायक्रॉनमधलं बसवणं, प्रत्येक नगाचा टॉर्क नोंदवणं. तिथे प्रश्न फक्त कुठलं यंत्र घ्यायचं एवढाच.

कोबॉटबद्दल, म्हणजे माणसाशेजारी काम करायला बनवलेल्या रोबोटबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण विक्रेता विषय काढेलच. कुंपण लागत नाही हे नेहमी खरं नसतं. हात सुरक्षित असेल, पण त्या हाताने धारदार पत्रा धरला असेल तर पत्रा सुरक्षित नसतो. जोखीम तपासली जाते ती अख्ख्या कामाची, आणि माणसाशेजारी चालवायचा तर वेग उतरतो. कोटेशनमधला सायकल टाइम कुठल्या वेगाचा आहे हे लिहून मागा.

आता ते 15 महिने. पैशांऐवजी 'एका ऑपरेटरचा वर्षाचा सगळा खर्च' हे माप धरू. प्रस्तावात यंत्रांची किंमत 5 मापं आणि बचत 4 माणसांची, दोन स्टेशनं गुणिले दोन शिफ्ट. 5 भागिले 4, सव्वा वर्ष, म्हणजे 15 महिने. आता खरं चित्र. नवी फिक्स्चरं, स्पेअर, ट्रायलमध्ये वाया जाणारा माल, जागा हलवणं, प्रशिक्षण धरून माझ्या अनुभवाने 5 चे 7 होतात. बचतीच्या बाजूला, फीडर भरायला आणि अडकलेलं काढायला प्रत्येक शिफ्टला निदान अर्धा माणूस लागतो, तिथे एक गेला. यंत्र समजणारा मेंटेनन्सचा माणूस थोडा वेळ का होईना गुंततो आणि तो ऑपरेटरपेक्षा महाग असतो, तिथे आणखी अर्धा. उरले अडीच. 7 भागिले अडीच म्हणजे 2.8 वर्षं, जवळपास 34 महिने. वर सुरुवातीचे काही महिने लाइन धडपडत चालणार ते वेगळेच.

34 महिने वाईटच असं नाही. पण मग पुढचा प्रश्न विचारा: हा नग याच आकारात किती वर्षं चालणार आहे? तीन वर्षांत मॉडेल बदलणार असेल तर यंत्राचे पैसे निघता निघता ग्रिपर भंगारात जाईल. आकडा कितपत पक्का आहे तेही बघा. 1,600 चे 1,300 झाले तर माणसं दुसऱ्या लाइनवर जातात, यंत्र तिथेच उभं राहतं आणि हप्ता चालू राहतो.

माणसांचं एक सांगायचं राहिलं. ऑपरेटरना शेवटी कळवू नका. यंत्र येणार म्हणजे आपण जाणार, असं वाटलं की स्टूलवर बसून तुम्हाला काही दिसणार नाही, सगळे कागदावरच्यासारखंच काम करून दाखवतील. कोणाची नोकरी जाणार नसेल तर ते आधी सांगा, लेखी सांगा. जाणार असेल तर त्याच्याकडून गुपितं काढून घ्यायला जाऊ नका.

तुमच्या जागी मी असतो तर पहिले सहा आठवडे फक्त चार नंबरवर घालवले असते. बुशचा चॅम्फर, फिक्स्चरमधली पिन, नग आपोआप बाहेर टाकणारा सिलिंडर, आणि सहा नंबरचं थोडं काम तीनवर सरकवता येतं का ते. त्यातून सगळ्यात मोठी सायकल 14.5 च्या आत आली तर पुढचं वर्ष निघालं. सहा आठवड्यांनी रेघा मोजूनही चार नंबर 16 च्या वर अडलेलं असेल, तर ऑटोमेशन तिथे करा, दोनवर नाही.

आणि ते करायची वेळ आलीच, तर ट्रायलसाठी भाग निवडून, पुसून पाठवू नका. फरशीवरच्या ट्रेमधले द्या, तीन वेगवेगळ्या लॉटचे, त्यातला एक हत्यार झिजत आल्यावरचा. आठ तास सलग चालवायला लावा आणि दारापाशी वही घेऊन आपला माणूस बसवा, यंत्रात कोणी हात घातला की रेघ. पाचपेक्षा जास्त रेघा झाल्या तर सही करायची नाही. ही अट ऑर्डर देतानाच कागदावर घ्या, आगाऊ रक्कम गेल्यावर कोणी लिहून देत नाही.